प्रोटॉनच्या वाटेचा हिशेब



पत्रिकेतलं आजच्या विषयाचं नाव वाचून काही जण घरीच थांबले असतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. ‘प्रथिनांतील प्रोटॉनचे स्थलांतर व त्याचे संगणकीय प्रारूप’! बोलणाऱ्यालाच धाप लागावी असं ते नाव आहे. पण इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या औषधांच्या डब्यात या विषयाशी थेट नातं असलेली एक गोळी असते. सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती अ‍ॅसिडिटीची गोळी, पॅन्टोप्राझोल नाहीतर ओमेप्राझोल. डॉक्टर तिला ‘पीपीआय’ म्हणतात, म्हणजे प्रोटॉन पंप इन्हिबिटर. जठराच्या अस्तरात एक प्रथिन असतं. ते पेशीतले प्रोटॉन उचलून पोटाच्या पोकळीत टाकत राहतं. आतल्यापेक्षा बाहेर प्रोटॉनची दाटी दहा लाख पटींनी जास्त असली, तरी टाकतच राहतं. ही गोळी त्या पंपाला जाऊन चिकटते आणि तो बंद पाडते.

पंप म्हटलं की आपल्याला पाइप दिसतो, दट्ट्या दिसतो. इथे यातलं काहीच नाही. आहे ती अमिनो आम्लांची घडी घातलेली एक साखळी, काही पाण्याचे रेणू आणि एक प्रोटॉन. मग तो प्रोटॉन पलीकडे जातो कसा? आणि तो असा जातो, तसा नाही, हे आपल्याला कळतं कसं? माझा आजचा खरा विषय हा दुसरा प्रश्न आहे.

आधी प्रोटॉनची ओळख करून घेऊ. हायड्रोजनच्या अणूपाशी एकच इलेक्ट्रॉन असतो. तो काढून घेतला की उरतं ते प्रोटॉन. सोडियम किंवा पोटॅशियमने इलेक्ट्रॉन गमावला तरी भोवती बाकीच्या इलेक्ट्रॉनांचं कवच राहतं. प्रोटॉनला कवच नाही. ते उघडं अणुकेंद्र आहे. अणूच्या व्यासाला साठेक हजारांनी भागलं की जे उरेल, तेवढा त्याचा व्यास. इतक्या लहान जागेत एकवटलेला विद्युतभार मोकळा राहूच शकत नाही. पाण्यात तो कुठल्या ना कुठल्या रेणूला चिकटलेला असतो, प्रथिनात कुठल्या तरी अमिनो आम्लाला. आणि चिकटलेला असूनही तो इतरांपेक्षा वेगाने पळतो! विद्युतक्षेत्र लावलं तर पाण्यात प्रोटॉन सोडियमच्या सुमारे सातपट वेगाने सरकतो. हे कसं?

याचं उत्तर सुचलं ते विशीतल्या एका तरुणाला. व्होल्टाने 1800 मध्ये पहिली विद्युतघटमाला जगापुढे आणली. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच थिओडोर फॉन ग्रोटहुस हा जर्मन घराण्यातला रसायनज्ञ इटलीत असताना विचार करू लागला की विजेने पाणी फुटतं तेव्हा हायड्रोजन एका टोकाला आणि ऑक्सिजन दुसऱ्या टोकाला निघतो, मग मधल्या पाण्यात काय चाललेलं असतं? त्याने असं मांडलं की मधला प्रत्येक रेणू आपला वाटा शेजाऱ्याला देतो आणि दुसऱ्या शेजाऱ्याकडून नवा घेतो. त्या वेळी पाण्याचं सूत्रसुद्धा ठरलेलं नव्हतं. प्रोटॉनची कल्पना यायला तर शंभराहून अधिक वर्षं होती.

इमारतीचा स्लॅब पडतो तेव्हा मजुरांची रांग घमेली हातोहात वर पोचवते, तसंच काहीसं हे आहे. पण उपमा इथेच सोडून द्यावी लागते, कारण घमेलं खालपासून वरपर्यंत एकच असतं. इथे पहिल्या माणसाच्या हाती जे पडतं ते दुसऱ्याकडे जातच नाही. दुसऱ्याला तो आपल्याजवळचं आधीचं देतो, दुसरा तिसऱ्याला आपलं. टोकाला जो प्रोटॉन बाहेर पडतो तो आत शिरलेला नसतोच. प्रवास विद्युतभाराचा होतो, कणाचा होत नाही. हे ध्यानात ठेवा. संगणकापुढची सगळी पंचाईत इथूनच सुरू होते.

विसाव्या शतकात यात एक भर पडली. पाण्यात आलेला जादा प्रोटॉन नेमका राहतो कुठे? एक पक्ष मॅनफ्रेड आयगेनचा होता. त्याच्या मते एका रेणूवर प्रोटॉन असतो आणि भोवती तीन रेणू त्याला धरून असतात. दुसरा पक्ष गेओर्ग त्सुंडेलचा. त्याच्या मते दोन रेणूंनी मिळून मधोमध तो वाटून घेतलेला असतो. 1999 मध्ये मार्क्स, टकरमन, हुटर आणि पारिनेल्लो यांनी इलेक्ट्रॉनांसकट पाण्याचा हिशेब संगणकावर मांडला, तेव्हा दोन्ही पक्ष खरे निघाले. प्रोटॉन एका अवस्थेतून दुसरीत सतत येत-जात असतो. आणि उडीला जो वेळ लागतो तो मुख्यतः उडी मारण्यात जात नाही. पलीकडच्या शेजाऱ्यांचे हायड्रोजन बंध आधी सैल व्हावे लागतात, त्यात तो जातो. प्रोटॉन तयारच असतो, भोवतालची मंडळी तयार व्हायची असतात.

सजीवांना याचं एवढं महत्त्व का? 1961 मध्ये पीटर मिचेल या इंग्रज जीवरसायनज्ञाने सांगितलं की अन्नातली ऊर्जा पेशी आधी प्रोटॉनच्या चढउतारात साठवते. पेशीची वीजघरं म्हणजे मायटोकॉन्ड्रिया; त्यांच्या पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन उपसून ठेवायचे आणि ते परत येताना त्यांच्याकडून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनवून घ्यायचं. कोणाला पटलं नाही. मिचेलने पुढे प्रकृतीच्या कारणाने विद्यापीठ सोडलं, कॉर्नवॉलमधलं एक जुनं घर दुरुस्त करून तिथे छोटी प्रयोगशाळा थाटली, आणि 1978 मध्ये त्याला नोबेल मिळालं. मधल्या काळात, 1974 साली, राकर आणि स्टोकेनियस यांनी एक सुरेख प्रयोग केला. अतिखारट पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवाचं जांभळं प्रथिन, बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन, त्यांनी मेदाच्या पिशवीत बसवलं. शेजारी बैलाच्या हृदयातलं एटीपी बनवणारं यंत्र बसवलं. उजेड पाडला. जांभळ्या प्रथिनाने प्रोटॉन ढकलले आणि बैलाच्या यंत्राने एटीपी बनवलं. या दोघांची निसर्गात कधी गाठ पडली असेल का? मुळीच नाही. दोघांमध्ये समान होता तो फक्त प्रोटॉन.

मायटोकॉन्ड्रियाच्या पटलावर विद्युतदाब दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास असतो. ऐकायला किरकोळ वाटतो. पण पटलाची जाडी पाच नॅनोमीटर. म्हणजे मीटरमागे सुमारे 3 कोटी व्होल्ट. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरमागे 30 लाख पुरतात. अशा पटलाला प्रोटॉनपुरतं एक भोक पडलं तरी साठवलेलं सगळं वाया जाणार. तेव्हा प्रथिनाला दोन कामं करावी लागतात. प्रोटॉनला जाऊ द्यायचं, आणि नको तिथे अजिबात जाऊ द्यायचं नाही. माझ्या मते दुसरं काम जास्त अवघड आहे.

मग हे बघून का घेत नाहीत, असं कोणी विचारील. प्रथिनाचा स्फटिक करा, क्ष-किरण टाका, प्रोटॉन कुठे आहे ते पाहा! पण क्ष-किरणांना दिसतात ते इलेक्ट्रॉन, आणि प्रोटॉनपाशी इलेक्ट्रॉन नाही. अतिशय चांगल्या स्फटिकांत हायड्रोजन अंधुक दिसतात. न्यूट्रॉनने जास्त स्पष्ट दिसतात, पण त्याला मोठे स्फटिक लागतात आणि ते मिळणं दुर्मीळ. सर्वसाधारण प्रथिनाच्या चित्रात कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन सगळे हजर असतात. ज्याच्यासाठी चित्र काढलं तोच तेवढा गैरहजर. हिशेब करणं भाग पडतं ते यासाठी.

हिशेबाची जुनी रीत अशी: अणू म्हणजे गोळे, बंध म्हणजे स्प्रिंगा. प्रत्येक गोळ्यावर किती जोर पडतो ते काढा, न्यूटनच्या नियमाने त्याला जरासं हलवा, पुन्हा जोर काढा. 1977 मध्ये मॅकॅमन, गेलिन आणि कारप्लस यांनी 58 अमिनो आम्लांचं एक लहान प्रथिन असं हलवून पाहिलं. भोवती पाणी जवळजवळ नव्हतंच, आणि एकूण काळ होता 9.2 पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या नऊ पट. एवढ्यानेसुद्धा प्रथिनं दगडासारखी स्थिर नसतात हे दिसून आलं. आज लाखो अणू, मायक्रोसेकंद आणि त्याहून जास्त काळ हे नेहमीचं झालं आहे. आपल्या पुण्यात सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 बनवला, तेव्हाचा अभिमान इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. आता आयसर पुणे इथल्या परम ब्रह्मची क्षमता पेटाफ्लॉपमध्ये सांगतात. तरी पावलं मोजा. एक पाऊल एका फेम्टोसेकंदाचं, म्हणजे पिकोसेकंदाच्या हजाराव्या भागाचं. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनचा एक फेरा पुरा व्हायला दहाएक मिलिसेकंद लागतात. म्हणजे दहा लाख कोटी पावलं.

पण खरी अडचण पावलांची नाही. संगणक दरवर्षी वेगवान होतो, पावलांचं काही ना काही होईल. खरी अडचण ही की स्प्रिंगेने बांधलेला बंध तुटत नाही. कोण कोणाशी बांधलेलं आहे ते हिशेबाच्या आरंभी लिहून द्यावं लागतं आणि शेवटपर्यंत तेच राहतं. प्रोटॉनचं तर कामच बंध बदलण्याचं! म्हणजे वेग वाढवून ही रीत प्रोटॉनला लागू पडणार नाही, रीतच बदलायला हवी.

बंध तुटणं-जुळणं इलेक्ट्रॉन ठरवतात, म्हणून तिथे क्वान्टम यांत्रिकी हवी. पण ती इतकी महाग आहे की सबंध प्रथिनाला परवडत नाही. 1976 मध्ये वॉर्शेल आणि लेविट यांनी अंड्याच्या पांढऱ्यातल्या लायसोझाइमवर काम करताना सरळ वाटणी केली. जिथे रसायन घडतं तेवढा तुकडा क्वान्टमने मोजायचा, बाकीचं प्रथिन गोळे-स्प्रिंगांनी, आणि दोघांना एकमेकांचा विद्युतभार जाणवू द्यायचा. 1980 मध्ये वॉर्शेल आणि वाइस यांनी आणखी स्वस्त युक्ती काढली. प्रोटॉन इकडे असतानाचं एक चित्र, तिकडे असतानाचं दुसरं, आणि खरी अवस्था या दोहोंचं मिश्रण. पाण्यात असा एकच ‘तिकडे’ नसतो, शेजारचे कितीतरी असतात. म्हणून 1990 च्या दशकात ग्रेगरी व्होथ आणि इतरांनी अनेक चित्रांचं मिश्रण करणारी रीत बसवली, आणि प्रोटॉन संगणकात खऱ्या अर्थाने चालू लागला. कारप्लस, लेविट आणि वॉर्शेल यांना 2013 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रोटॉन हलका असल्यामुळे अडथळ्यावरून जाण्याऐवजी त्याच्या आरपारही जातो. सोयाबीनच्या लायपॉक्सिजनेजमध्ये हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन घातला तर क्रिया सुमारे ऐंशीपट मंदावते. जुन्या हिशेबाने ती सातेकपट मंदावायला हवी. हा विषय एका वेगळ्या संध्याकाळचा आहे, तो इथेच सोडतो.

आता किमतीकडे, म्हणजे प्रोटॉन हलवायला लागणाऱ्या ऊर्जेकडे, येऊ. अमिनो आम्ल प्रोटॉन किती घट्ट धरतं ते एका आकड्याने सांगतात, त्याला पीकेए म्हणतात. पाण्यात अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा पीकेए चारच्या आसपास असतो. त्या जांभळ्या प्रथिनात 85 क्रमांकाचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल आहे, त्याचा आकडा अडीचच्या आसपास. 96 क्रमांकाचं आहे, त्याचा अकराच्या वर! रेणू तोच, प्रथिन तेच, अंतर दोन नॅनोमीटरच्याही आत. मग फरक कशाने पडला? शेजाराने. एकाच्या भोवती धनभार आणि पाणी आहे, दुसरा कोरड्या, तेलकट कोपऱ्यात बसला आहे आणि तिथे ऋणभार घेऊन उघडं पडायला तयार नाही. पीकेएच्या एका अंकाची किंमत मोलमागे सुमारे 1.4 किलोकॅलरी. हिशेबात तेवढी चूक झाली तर वेगाचं उत्तर दहापट चुकतं. दोन अंकांची झाली तर शंभरपट. आणि हे 1.4 मिळवायचं असतं ते प्रचंड आकड्यांची एकमेकांतून वजाबाकी करून. जमाखर्च लिहिणाऱ्यांना सांगायला नको, मोठ्या रकमांच्या वजाबाकीत बारीक चूक कशी लपते ते.

एवढी तयारी झाली. आता ज्या प्रकरणासाठी मी ही तयारी केली, ते सांगतो.

पीटर अ‍ॅग्री यांच्या प्रयोगशाळेने 1992 मध्ये दाखवलं की पेशीच्या पटलात फक्त पाण्यासाठी बोळ असतात. त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. 2003 मध्ये अ‍ॅग्री यांना नोबेल मिळालं. एका बोळातून सेकंदाला सुमारे 300 कोटी पाण्याचे रेणू जातात, एकामागोमाग एक, एका रांगेत. ग्रोटहुसला ही रांग दाखवली असती तर तो म्हणाला असता, वा, प्रोटॉनसाठी तयार रस्ता! ग्रॅमिसिडिन नावाच्या प्रतिजैविकाच्या बोळात पाण्याची अशीच एकेरी रांग असते आणि तिच्यातून प्रोटॉन धावतो. अ‍ॅक्वापोरिनमधून तो जात नाही. का जात नाही?

2001 आणि 2002 मध्ये दोन गटांनी, दे ग्रूट-ग्रुबम्युलर आणि ताजखोर्शिद व त्यांचे सहकारी यांनी, या बोळातून वाहणारं पाणी संगणकावर चालवलं. फार देखणं दृश्य होतं ते. बोळाच्या मध्यापर्यंत पाण्याचे रेणू एका दिशेला तोंड करून येतात, मध्यावर उलटे वळतात आणि पुढे पाठमोरे जातात. लगेच एक अर्थ समोर आला: मध्यावर रांग उलटते, देण्या-घेण्याची साखळी तिथे तुटते, म्हणून प्रोटॉन अडतो. चित्र सुंदर, स्पष्टीकरण सोपं. पुस्तकांत शिरायला आणखी काय लागतं?

पण मंडळी, त्या हिशेबात एक गोष्ट नव्हती. प्रोटॉनच नव्हता! पाणी होतं, प्रथिन होतं, पटल होतं. गोळे-स्प्रिंगांच्या रीतीत पाण्याचा बंध तुटू शकत नाही, त्यामुळे प्रोटॉन पळू शकणारच नव्हता. जो अडतो असं म्हणायचं तो सभेला आलेलाच नव्हता. याने पहिल्या गटांचं काम कमी दर्जाचं ठरत नाही. त्यांनी पाण्याची वाट बरोबर दाखवली. फक्त त्या वाटेवरून प्रोटॉनबद्दल जो निष्कर्ष निघाला, त्याची किंमत काढायची राहिली होती.

2003 पासून बुरिकिन आणि वॉर्शेल, पाठोपाठ चक्रबर्ती, रू आणि पोमेस, आणि स्वतः दे ग्रूट यांनीही ती काढली. प्रोटॉन बोळात घालायचा, पावलापावलाला किती ऊर्जा पडते ते मोजायचं. आढळलं असं की अडथळा मोठा आहे, पण तो मुळात पाण्याच्या वळण्याने उभा राहिलेला नाही. बाहेरच्या पाण्यात प्रोटॉनच्या विद्युतभाराला चहूबाजूंनी पाण्याचा आधार मिळतो. अरुंद बोळात तो आधार सुटतो, त्याचीच किंमत मोठी. त्यात प्रथिनाच्या दोन अर्ध्या सर्पिलांची धन टोकं बोळाच्या मध्याकडे रोखलेली, आणि अरुंद तोंडाशी धनभाराचं आर्जिनिन. यांतल्या कशाचा वाटा किती, यावर त्या गटांत चांगली जुंपली. वॉर्शेल यांची लेखणी भांडणात मागे हटणारी नव्हे! पण मुख्य गोष्ट ठरली. ज्या विद्युतक्षेत्रामुळे प्रोटॉन अडतो, त्याच क्षेत्रामुळे पाणी वळतं. वळणं हा परिणाम होता, आपण त्याला कारण समजत होतो.

मग 2006 मध्ये प्रयोगाने साक्ष दिली. बायट्झ आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅक्वापोरिनच्या अरुंद तोंडाशी असलेलं आर्जिनिन आणि शेजारचं हिस्टिडीन बदलून टाकलं. मधला, पाणी वळवणारा भाग तसाच ठेवला. बोळातून प्रोटॉन गळू लागले.

हे प्रकरण मला वारंवार सांगावंसं वाटतं, कारण संगणकाचं चित्र हलतं, आणि हलणारं चित्र आपण डोळ्यांनी पाहिलेल्या घटनेसारखं मानतो. ते तसं नसतं. हिशेबात जे घातलेलं नाही ते चित्रात येणार नाही, आणि नसल्याची खूणही राहणार नाही. म्हणून अशा चित्रापुढे माझा पहिला प्रश्न असतो: यात प्रोटॉन आहे का? आणि दुसरा: असेल तर त्याला पावलागणिक काय पडतं?

आता याच्या नेमकी उलटी बाजू. आपण घेतलेल्या प्रत्येक श्वासातला बहुतेक सगळा वापरलेला ऑक्सिजन ज्या प्रथिनापाशी संपतो ते म्हणजे सायटोक्रोम सी ऑक्सिडेज. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे ते चार प्रोटॉन पाणी बनवण्यात खर्च करतं आणि आणखी चार पटलापलीकडे उपसतं. ते उपसतं हे फिनलंडच्या मॉर्टेन विकस्ट्रॉम यांनी 1977 मध्ये दाखवलं. 1995 मध्ये जर्मनीत आणि जपानमध्ये त्याची संरचना उलगडली. प्रोटॉन एका ग्लुटामिक आम्लापर्यंत येतो, तिथवरची पाण्याची साखळी चित्रात दिसते. पुढे मात्र एक तेलकट पोकळी आहे आणि क्ष-किरणांच्या चित्रात ती रिकामी आहे. प्रोटॉन ती ओलांडतो हे नक्की. कशाच्या आधाराने?

संगणकवाल्यांनी त्या पोकळीत पाणी घालून पाहिलं. कोणी दोन-तीन रेणू घातले, कोणी चार. उत्तरं बदलली. अगदी साहजिक आहे, कारण किती पाणी आहे हे आपणच आधी ठरवत होतो, आणि मग त्या पाण्यावरून प्रोटॉन चालवत होतो.

2015 मध्ये व्होथ यांच्या गटाने प्रथिन बाजूला ठेवून एक साधा नमुना घेतला. पाण्याला न मानणारी, कोरडी अशी एक अतिसूक्ष्म नळी. तिच्या तोंडाशी प्रोटॉन आणला, आणि तो आत शिरण्याआधीच पाण्याचे रेणू कोरड्या नळीत पुढे सरकू लागले. ग्रोटहुसच्या देण्या-घेण्यात विद्युतभार मागच्या रेणूवर सरकतो, पुढचा रेणू मोकळा होतो आणि आत जातो. प्रोटॉन दोन-तीन अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आत गेला नाही तोच सगळी नळी ओली. प्रोटॉनच्या जागी पोटॅशियम ठेवून पाहिलं. त्यावरही धनभार तेवढाच. नळी आणखीच कोरडी पडली.

अ‍ॅक्वापोरिनमध्ये पाण्याची रांग आहे आणि प्रोटॉन जात नाही. इथे रांग नाही आणि प्रोटॉन ती स्वतः तयार करतो. म्हणजे पाण्याचे रेणू आधी मोजून घ्यायचे आणि मग प्रोटॉन सोडायचा, हा क्रमच ऑक्सिडेजच्या पोकळीला लागू पडत नाही. प्रोटॉन आणि पाणी दोन्ही एकाच हिशेबात, एकाच वेळी हलू द्यावे लागतात. ग्लुटामिक आम्लावरचा प्रोटॉन बाहेर झुकतो तेव्हा पाणी आत येतं, की पाणी आत आल्यावर तो झुकतो? की दोन्ही इतकी बरोबर घडतात की आधी-नंतर विचारण्यात अर्थ नाही? आता क्वान्टमच्या उत्तरांवर शिकवून तयार केलेली यंत्रं हाच हिशेब पूर्वीच्या मानाने फार स्वस्तात करू लागली आहेत. त्यांना काय शिकवायचं, म्हणजे कोरडी पोकळी, ओली पोकळी, की ओली होत असलेली पोकळी, हे मात्र अजून माणसालाच ठरवून द्यावं लागतं, आणि सध्याचं भांडण तिथेच चालू आहे.